वन नेशन वन सबस्क्रिप्शन: लोणंदमध्ये बसून जगातलं संशोधन मोफत वाचता येतं का?

लोणंद म्हटलं की राज्यात अनेकांना आधी आठवतो तो कांदा. सातारा जिल्ह्याच्या खंडाळा तालुक्यातलं हे गाव कांद्याच्या बाजारपेठेसाठी ओळखलं जातं. आता समजा, इथल्या एखाद्या विद्यार्थिनीने पदव्युत्तर अभ्यासासाठी विषय निवडला, 'चाळीत साठवलेला कांदा का सडतो?' या प्रश्नावर जगभर काम झालं आहे. ती गुगलवर शोधते, हवा तसा शोधनिबंध सापडतो, ती क्लिक करते. समोर फक्त दहा-बारा ओळींचा सारांश येतो. त्याखाली किंमत लिहिलेली असते, एका निबंधासाठी साधारण ३० ते ४० डॉलर. म्हणजे अडीच ते साडेतीन हजार रुपये.

एका प्रकल्पासाठी असे ३०-४० निबंध तरी वाचावे लागतात. हा हिशेब लाखाच्या घरात जातो.

ही अडचण दूर करण्यासाठी केंद्र सरकारने १ जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही योजना सुरू केली. पण तिच्या नावातला 'नेशन' म्हणजे नेमकं कोण? लोणंदसारख्या गावातल्या विद्यार्थ्यापर्यंत ती पोहोचते का? आणि पोहोचत नसेल, तर कायदेशीर मार्ग कोणते? समजून घेऊया.

शोधनिबंध इतके महाग का असतात?

वर्तमानपत्रात लेख लिहिला तर लेखकाला मानधन मिळतं. जर्नलमध्ये तसं नसतं. संशोधक निबंध लिहितो, त्याचा पगार विद्यापीठ किंवा सरकार देतं. निबंध तपासणारे तज्ज्ञही बहुतेक वेळा विनामोबदला काम करतात. प्रकाशक संपादनाची व्यवस्था लावतो, निबंध छापतो, जपून ठेवतो आणि मग तोच निबंध विद्यापीठांच्या ग्रंथालयांना वर्गणी घेऊन विकतो. म्हणजे संशोधनाचा खर्च सार्वजनिक पैशातून होतो आणि ते वाचण्यासाठी पुन्हा सार्वजनिक पैसाच मोजावा लागतो.

इथे नेहमीच्या बाजाराचा नियमही चालत नाही. एका कंपनीचा साबण महाग झाला तर आपण दुसऱ्या कंपनीचा घेतो. पण हवा असलेला निबंध एकाच जर्नलमध्ये असतो, त्याला पर्याय नसतो. त्यातच जर्नल्स मोजक्या हातांत एकवटली आहेत. मॉन्ट्रियलच्या अभ्यासकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका पाहणीनुसार, २०१३ मध्ये जगात छापून आलेल्या शोधनिबंधांपैकी निम्म्याहून अधिक निबंध फक्त पाच मोठ्या प्रकाशक समूहांकडे होते. त्यामुळे किंमत ठरवताना प्रकाशकाचं पारडं जड राहतं.

गरीब देशांना सवलत मिळते, मग भारताला का नाही?

विकसनशील देशांसाठी सवलतीची एक मोठी व्यवस्था आहे. २००२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने काही मोठ्या प्रकाशकांना सोबत घेऊन 'हिनारी' हा कार्यक्रम सुरू केला. त्यातून गरीब देशांमधल्या रुग्णालयांना आणि वैद्यकीय महाविद्यालयांना जर्नल्स मोफत किंवा नाममात्र शुल्कात मिळू लागली. पुढे शेतीसाठी 'अगोरा', पर्यावरणासाठी 'ओएआरई' असे आणखी कार्यक्रम आले. हे सगळे आता 'रिसर्च फॉर लाइफ' या एका नावाखाली चालतात.

या व्यवस्थेत देशांचे दोन गट आहेत. सर्वात गरीब देशांतल्या संस्थांना सगळं मोफत, तर दुसऱ्या गटातल्या संस्थांना सवलतीच्या शुल्कात. भारत या दोन्ही गटांत नाही. पात्रता ठरवताना दरडोई उत्पन्नासोबत देशाच्या एकूण अर्थव्यवस्थेचा आकारही पाहिला जातो आणि आपली अर्थव्यवस्था आकाराने मोठी आहे. शिवाय भारतात जर्नल्स विकत घेणाऱ्या संस्थाही मोठ्या संख्येने आहेत. प्रकाशकांच्या दृष्टीने ही बाजारपेठ आहे.

थोडक्यात, देश म्हणून आपण सवलतीसाठी 'मोठे' ठरतो. पण तालुक्याच्या गावातल्या महाविद्यालयाचं ग्रंथालयाचं बजेट काही त्यामुळे मोठं होत नाही.

योजनेआधी काय व्यवस्था होती?

सवलत मिळत नसेल तर एकत्र येऊन घासाघीस करायची, हा मार्ग भारताने बराच आधी धरला. ग्रंथालयांनी संघ बनवायचा आणि सगळ्यांच्या वतीने एकच करार करायचा. विद्यापीठांसाठी असा संघ होता, तंत्रशिक्षण संस्थांसाठी वेगळा होता. कृषी विद्यापीठांसाठी 'सेरा' नावाचा संघ २००७ पासून काम करू लागला. विद्यापीठं आणि तंत्रशिक्षणाचे संघ २०१५ मध्ये 'ई-शोधसिंधू' या छत्राखाली आले.

महाविद्यालयांसाठी 'एन-लिस्ट' ही सेवा २०१० मध्ये सुरू झाली. गांधीनगरचं 'इन्फ्लिबनेट' हे केंद्र ती चालवतं. अनुदानित महाविद्यालयांसाठी तिचं शुल्क वर्षाला ५,००० रुपये अधिक जीएसटी इतकं कमी ठेवण्यात आलं होतं. तेवढ्यात हजारो जर्नल्स आणि लाखाहून अधिक ई-पुस्तकं मिळत. विद्यार्थ्याला स्वतःचा लॉगिन मिळत असल्याने तो घरूनही वाचू शकत असे. ग्रामीण महाविद्यालयांना याचा मोठा आधार होता. पण सर्वात महागडी, नव्या संशोधनाची बरीच जर्नल्स मात्र एन-लिस्टमध्ये नव्हती.

'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' म्हणजे नक्की काय?

केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी या योजनेला मंजुरी दिली. ठळक मुद्दे असे:

- २०२५, २०२६ आणि २०२७ या तीन वर्षांसाठी एकूण ६,००० कोटी रुपयांची तरतूद.
- ३० आंतरराष्ट्रीय प्रकाशकांची जवळपास १३,००० जर्नल्स. एल्सेव्हियर, स्प्रिंगर नेचर, वायली, टेलर अँड फ्रान्सिस, सेज ही मोठी नावं त्यात आहेत.
- ६,३०० हून अधिक संस्था आणि त्यांतले सुमारे १ कोटी ८० लाख विद्यार्थी, प्राध्यापक व संशोधक लाभार्थी.
- संस्थेला वेगळं शुल्क नाही. सगळी नोंदणी आणि समन्वय इन्फ्लिबनेटकडे.

खर्चाचा साधा हिशेब करू. वर्षाला २,००० कोटी रुपये आणि १ कोटी ८० लाख लाभार्थी. म्हणजे दर माणशी वर्षाला साधारण १,१०० रुपये. एका निबंधाची किरकोळ किंमत अडीच हजाराच्या पुढे असताना, वर्षभर १३,००० जर्नल्ससाठी १,१०० रुपये हा सौदा कागदावर स्वस्त दिसतो. अर्थात, ज्यांच्या नावाने पैसे भरले ते खरोखर किती वाचतात, यावर तो किती स्वस्त पडला हे ठरेल.

मग लोणंदला याचा फायदा होतो का?

इथे मंजुरीच्या वाक्यातला एक शब्द महत्त्वाचा ठरतो, 'व्यवस्थापन'. केंद्र किंवा राज्य सरकारच्या व्यवस्थापनाखालच्या उच्च शिक्षण संस्था आणि केंद्र सरकारच्या संशोधन संस्था, असा हा गट आहे.

सातारा आणि सांगली हे जिल्हे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. शिवाजी विद्यापीठ हे राज्य विद्यापीठ असल्याने ते या गटात बसतं. राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठही त्याच प्रकारातलं.

पण महाराष्ट्रात खेड्यापाड्यांत महाविद्यालयं पोहोचवली ती प्रामुख्याने शिक्षणसंस्थांनी. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये स्थापन केलेली रयत शिक्षण संस्था हे त्याचं सर्वात ठळक उदाहरण. अशा अनुदानित महाविद्यालयांत प्राध्यापकांचा पगार सरकारकडून येतो, पण व्यवस्थापन संस्थेचं असतं. विनाअनुदानित महाविद्यालयांत तर पगारही संस्थाच देते. देशभरात दर पाचपैकी साधारण चार महाविद्यालयं खासगी व्यवस्थापनाची आहेत. या वाक्याच्या काटेकोर अर्थाने ती पहिल्या टप्प्याच्या बाहेर राहतात.

म्हणजे एकाच विद्यापीठाची पदवी घेणाऱ्या दोन विद्यार्थ्यांची स्थिती वेगळी असू शकते. कोल्हापुरात विद्यापीठाच्या विभागात शिकणारा जर्नल उघडतो आणि वाचतो. तीच पदवी तालुक्याच्या महाविद्यालयातून घेणाऱ्याला तेच जर्नल पैसे मागतं. लोणंदहून कोल्हापूर दीडशे किलोमीटरहून जास्त लांब आहे, त्यामुळे 'विद्यापीठात जाऊन वाच' हा सल्ला देणं सोपं आणि पाळणं अवघड.

महाविद्यालयांबरोबर स्वयंसेवी संशोधन संस्थाही या व्याख्येत येत नाहीत. शेजारच्या फलटणमध्ये बी. व्ही. निंबकर यांनी १९६८ मध्ये स्थापन केलेली निंबकर कृषी संशोधन संस्था, म्हणजे 'नारी', हे अशा संस्थेचं परिचित उदाहरण. करडई, गोड ज्वारी आणि जुळी कोकरं देणाऱ्या 'नारी सुवर्णा' मेंढ्यांवर तिथे काम झालं. संशोधन ग्रामीण भागातल्या बिगरसरकारी संस्थेतही होतं, पण 'सरकारी व्यवस्थापन' ही अट लावली की अशा संस्था बाजूला पडतात.

मूळ कल्पना वेगळी होती का?

हो. डिसेंबर २०२० च्या अखेरीस आलेल्या राष्ट्रीय विज्ञान धोरणाच्या मसुद्यात ही कल्पना मांडली गेली, तेव्हा एकाच केंद्रीय कराराच्या बदल्यात भारतातल्या सर्व व्यक्तींना जर्नल्स वाचता यावीत, असं म्हटलं होतं. त्यात कुठल्या संस्थेचा विद्यार्थी असण्याची अट नव्हती. शिक्षक, शेतकरी, डॉक्टर, पत्रकार, वकील सगळेच त्यात आले असते. प्रत्यक्षात आलेली योजना मात्र संस्थांपुरती आहे.

सर्वांसाठीचा करार अशक्य असतो का? एक जुनं उदाहरण त्याचं उत्तर देतं. कोणता उपचार खरोखर उपयोगी पडतो, याचा पुरावा तपासणारा 'कोक्रेन लायब्ररी' हा आंतरराष्ट्रीय संग्रह आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २००७ मध्ये त्याचा राष्ट्रीय परवाना घेतला. त्यामुळे भारतात इंटरनेट असलेल्या कुणालाही तो वाचता आला. त्यासाठी ओळखपत्र किंवा महाविद्यालयाचा लॉगिन लागत नव्हता. तो एकच संग्रह होता आणि इथे १३,००० जर्नल्स आहेत, हा फरक मोठा आहे. पण परवाना संस्थेच्या नावाने न घेता देशाच्या नावाने घेता येतो, एवढं त्यातून सिद्ध होतं.

योजनेच्या पुढच्या टप्प्यांत आधी खासगी संस्था आणि नंतर सार्वजनिक ग्रंथालयांमार्फत सर्व नागरिक, असा विस्तार मांडलेला आहे. महाराष्ट्रासाठी हा शेवटचा टप्पा विशेष महत्त्वाचा आहे. राज्यात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे आणि गावोगावी हजारो अनुदानित वाचनालयं आहेत. तिथल्या एका संगणकावर जरी ही जर्नल्स उघडली, तरी तालुक्याच्या ठिकाणी राहणाऱ्यांसाठी चित्र बदलेल.

'सायहब'वर सगळं मिळतं, मग अडचण काय?

अनेक वर्षं भारतातल्या विद्यार्थ्यांनी हा प्रश्न गुपचूप 'सायहब'ने सोडवला. कझाकस्तानच्या अलेक्झांड्रा एल्बाक्यान यांनी २०११ मध्ये सुरू केलेल्या या वेबसाइटवर पैसे देऊन वाचायचे निबंध फुकट मिळत. एल्सेव्हियर, वायली आणि अमेरिकन केमिकल सोसायटी या प्रकाशकांनी डिसेंबर २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दावा दाखल केला. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने ही साइट भारतात ब्लॉक करण्याचे आदेश दिले.

वेळ लक्षात घ्या. त्याच वर्षी सरकारी संस्थांना अधिकृत दार उघडलं आणि बाकीच्यांसाठी मागचं दार बंद झालं. ज्यांना अधिकृत दार मिळालं नाही, त्यांच्यासाठी २०२५ नंतर परिस्थिती आधीपेक्षा कठीण झाली.

वर्गणीशिवाय दुसरा मार्ग आहे का?

आहे. त्याला मुक्त प्रवेश किंवा ओपन अॅक्सेस म्हणतात. यात निबंध प्रसिद्ध होतानाच सगळ्यांसाठी खुला असतो. याचं एक चांगलं उदाहरण मुंबईतलं आहे. परळच्या केईएम रुग्णालय आणि सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयातून १९५५ पासून 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन' निघतं. इंटरनेट आल्यावर त्यांनी आपले अंक सर्वांना मोफत खुले केले. वाचकाकडून पैसे नाहीत आणि निबंध छापण्यासाठी लेखकाकडूनही नाहीत.

'लेखकाकडूनही नाहीत' हे मुद्दाम सांगायला हवं. कारण मोठ्या प्रकाशकांच्या ओपन अॅक्सेसमध्ये वाचकाचं बिल बरेचदा लेखकाला भरावं लागतं. 'नेचर' या प्रसिद्ध जर्नलने २०२१ पासून खुल्या निबंधासाठी ९,५०० युरो शुल्क लावलं, म्हणजे आठ-नऊ लाख रुपये. वाचायला मोफत, पण छापायला परवडत नाही, अशी ही स्थिती. नव्या योजनेत लेखकांच्या अशा शुल्कासाठी वर्षाला १५० कोटी रुपयांची तरतूद आहे, पण तीही लाभार्थी संस्थांमधल्या लेखकांसाठी.

खुल्या ज्ञानाचा स्थानिक फायदा कसा होतो, हे फलटणच्या मेंढ्यांच्या कामातून दिसतं. जुळी कोकरं देणारा जनुक त्यांनी बंगालमधल्या गरोळ मेंढ्यांपासून दख्खनी मेंढ्यांत आणला. याच जनुकावर ऑस्ट्रेलियातही मोठं काम झालं होतं. नोव्हेंबर २००८ मध्ये पुण्यात त्यावर आंतरराष्ट्रीय कार्यशाळा झाली आणि तिथले निबंध ऑस्ट्रेलियाच्या कृषी संशोधन केंद्राने सर्वांसाठी मोफत प्रसिद्ध केले. त्यामुळे माण-खटावच्या मेंढपाळांसोबत काम करणाऱ्या कुणालाही ते आज विनाशुल्क वाचता येतात.

आज, आत्ता काय करता येईल?

तुम्ही विद्यार्थी, शिक्षक किंवा स्वतंत्र अभ्यासक असाल, तर या क्रमाने जा:

१. आधी ग्रंथपालांना भेटा. आपलं महाविद्यालय नव्या योजनेच्या यादीत आहे का, एन-लिस्टचं सभासदत्व आहे का, हे दोन प्रश्न विचारा. बऱ्याचदा सभासदत्व असतं, पण विद्यार्थ्यांनी लॉगिनच घेतलेला नसतो.

२. गुगल स्कॉलरवर निबंधाच्या खाली सगळ्या आवृत्त्या दाखवणारा दुवा असतो, तो उघडा. लेखकाने विद्यापीठाच्या संग्रहात ठेवलेली मोफत प्रत तिथे सापडू शकते. ब्राउझरमध्ये 'अनपेवॉल' हे मोफत साधन बसवलं तर ते अशी कायदेशीर प्रत आपोआप शोधतं.

३. भारतीय संग्रह पाहा. 'शोधगंगा'वर देशभरातल्या विद्यापीठांचे पाच लाखांहून अधिक पीएचडी प्रबंध मोफत आहेत. शेतीचे प्रबंध 'कृषिकोश'वर मिळतात. भारतीय कृषी संशोधन परिषदेची जर्नल्सही ऑनलाइन खुली आहेत. कांद्याच्या साठवणुकीसारख्या विषयावर तर सुरुवात इथूनच करावी, कारण आपल्या हवेतले आणि आपल्या वाणांवरचे प्रयोग इथे सापडतात. कांदा-लसूण संशोधनाची राष्ट्रीय संस्था पुणे जिल्ह्यात राजगुरुनगरलाच आहे.

४. आरोग्याच्या विषयासाठी 'पबमेड सेंट्रल', तर सर्व विषयांतल्या खुल्या जर्नल्ससाठी 'डीओएजे' ही यादी पाहा.

५. तरीही नाही मिळालं, तर लेखकालाच ईमेल करा. निबंधाच्या पहिल्या पानावर पत्ता असतो. आपण कोण, कशासाठी हवा, हे तीन-चार ओळींत लिहा. वैयक्तिक अभ्यासासाठी एक प्रत पाठवायला बहुतेक लेखक तयार असतात.

मोफत आहे म्हणजे खात्रीचं आहे का?

नाही. पैसे घेऊन काहीही छापणारी बनावट जर्नल्स भारतात भरपूर आहेत. पुण्यातल्या भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये एक तपासणी प्रसिद्ध केली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या तेव्हाच्या मान्यताप्राप्त यादीतल्या १,००९ जर्नल्सपैकी फक्त ११२ निकषांवर उतरली होती. त्यानंतर आलेली 'यूजीसी केअर' यादीही फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली. त्यामुळे जर्नल पारखण्याची जबाबदारी आता संस्था आणि संशोधकांवर आली आहे. संपादक मंडळातली माणसं खरी आहेत का, निबंध तज्ज्ञांकडून तपासले जातात का, दोन दिवसांत छापून देण्याचं आश्वासन आहे का, एवढं तरी बघावं.

पुढे काय?

सध्याच्या योजनेची मुदत डिसेंबर २०२७ पर्यंत आहे. वर्गणी ही भाड्याच्या घरासारखी असते, मुदत संपली की पुन्हा करार आणि पुन्हा घासाघीस. त्या वेळी दोन गोष्टी टेबलावर असायला हव्यात. एक, लाभार्थ्यांची व्याख्या संस्थेच्या व्यवस्थापनावरून ठरणार की शिकणाऱ्या माणसावरून? दोन, वर्गणीवर खर्च होणाऱ्या पैशातला काही वाटा केईएमसारख्या, कुणाकडूनच पैसे न घेणाऱ्या भारतीय जर्नल्सना मिळणार का?

तोपर्यंत महाविद्यालयांनाही करण्यासारखं काम आहे. विद्यार्थ्यांना लॉगिन देणं, वर्षातून एकदा ई-जर्नल वापरण्याचं प्रशिक्षण घेणं आणि योजनेत समावेशासाठी विद्यापीठामार्फत लेखी मागणी करणं. अशा मागण्या नोंदलेल्याच नसतील, तर २०२७ च्या वाटाघाटीत लोणंदसारख्या गावांतल्या महाविद्यालयांची गरज कुणाच्या हिशेबात धरली जाणार नाही.